एका कॅबिनेटची दोन गिऱ्हाइकं

इक्बालभाईंच्या दुकानात ते हिरवं कॅबिनेट काउंटरवर ठेवलेलं होतं. मी त्याच्या हँडलला हात घातला, तेव्हा तिथे आधीच एक हात होता.

लांब बोटांचा, सावळा हात. मी वर पाहिलं. हाताचा मालक माझ्याकडे बघतच नव्हता. तो कॅबिनेटच्या जाळीवर टिचकी मारून, कान जवळ नेऊन काहीतरी ऐकत होता.

"हे माझं आहे," मी म्हणाले.

"असं?" तो सरळ झाला. "नाव घातलेलं दिसत नाही कुठे."

मी इक्बालभाईंकडे पाहिलं. ते बशीत चहा ओतत होते, अगदी सावकाश. "निवेदिता, तू फोन केलास, मी म्हटलं ये. या गंधारने फोन केला, त्यालापण म्हटलं ये. मला काय माहीत माल एकच येईल? आता तुम्ही आपसात बघा."

संगणकाचं कॅबिनेट म्हणजे एरवी टेबलाखाली ढकलायचं लोखंडी कपाट. हे मात्र पोळ्यांच्या डब्याहून थोडंसंच मोठं होतं. दोन्ही बाजूंना बारीक जाळी, वर उचलायला हँडल. आत मदरबोर्ड एका बाजूला आणि ग्राफिक्स कार्ड त्याच्या पाठीला पाठ लावून. असं कॅबिनेट मी कितीतरी दिवस शोधत होते, आणि मला ते हवंच होतं. गंमत म्हणून नाही, गरज म्हणून.

मी कापडाची डिझाइनं करते. नारपोलीत सफियाआपांचा लहानसा लूमचा कारखाना आहे, तिथे माझं बरंचसं काम. आपांनी हौसेने डिझाइनचं कापड विणणारे नवे लूम बसवले, पण ऑर्डर येईना. महिन्यापूर्वी एक व्यापारी आला होता. उसन्या लॅपटॉपवर मी त्याला आमचं कापड स्क्रीनवरच्या खोलीत पडदा म्हणून लावून दाखवायला गेले आणि लॅपटॉप अर्ध्यातच गोठला. "ताई, तुमचा पडदा पडला," असं म्हणून तो उठून गेला. आता येत्या शुक्रवारी एका हॉटेलवाल्या कंपनीच्या खरेदीप्रमुख येणार होत्या. त्यांनीही नाही म्हटलं तर आपा ते नवे लूम भंगारात देणार होत्या, आणि मी वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, बघून ठेवलेली शाळेतली क्लार्कची नोकरी धरणार होते. माझा घरचा संगणक ताकदवान होता, पण तो हलवायचा म्हणजे टेम्पो बोलवावा लागला असता.

"तुम्हाला कशासाठी हवंय?" मी त्याला विचारलं.

"गाण्यांसाठी."

"गाणी ऐकायला?"

"रेकॉर्ड करायला." तो पहिल्यांदा नीट हसला. "मी कोन गावात राहतो. दिघाशीच्या बाजूला लग्नाचे धवले गाणाऱ्या बायका आहेत, आता थोड्याच उरल्यात. चार-पाच माईक एकदम लावावे लागतात. लॅपटॉपचा पंखा ऐन गाण्यात घुरघुरतो. म्हणून बाइकवर नेता येईल असा संगणक हवाय."

मी पर्समधून टेप काढली. हो, माझ्या पर्समध्ये टेप असते. कॅबिनेटच्या आतली जागा मोजून त्याला दाखवली.

"बघा, कूलरला जागा किती? एवढीशी. म्हणजे पंखा छोटा. छोटा पंखा जोरात फिरतो, आणि जोरात फिरला की ओरडतो. तुमच्या बायका एक सूर लावतील आणि हा मागून दुसरा लावेल. तुम्हाला जरा मोठं कॅबिनेट हवं. रुंद पंखा, हळू फिरणारा."

"आणि तुम्हाला ओरडणारा चालतो?"

"मी लूमवर काम करते. तिथे शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला... टेपकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मग त्याने हँडलवरचा हात काढला.

"घ्या. पण एक अट. माझं कॅबिनेट तुम्ही निवडून द्यायचं."

"देईन."

"आणि हे जोडायला मी येणार."

"ही दुसरी अट झाली."

"पहिली फारच पटकन मान्य झाली," तो म्हणाला.

इक्बालभाई बशी तोंडाला लावून हसत होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

रविवारी सकाळी तो आला. अण्णांनी पेपर खाली ठेवून त्याची चौकशी सुरू केली. कोनमध्ये कुठे, वडील काय करतात, ही गाणी गोळा करून पोट भरतं का?

"पोट ऑडिओबुकच्या कामावर भरतं," गंधार म्हणाला. "गाण्यांनी बाकीचं भरतं."

अण्णांनी पेपर पुन्हा उचलला, पण पान उलटलं नाही.

मी जमिनीवर चादर अंथरून सगळे भाग मांडले होते. मोठ्या कॅबिनेटमध्ये कसंही, कुठूनही सुरू करा, चालतं. लहानात तसं नसतं. आधी काय आत जाईल आणि नंतर कुणाला वाट मिळेल, याचा विचार पहिल्यापासून करावा लागतो. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या जाड वायरी अशा वळवाव्या लागतात की त्या पंख्याला लागू नयेत आणि कार्डाची जागाही खाऊ नयेत.

"आधी खिडकीच्या गजाला हात लावा," मी म्हणाले. "अंगातली वीज जाऊ दे. मग मदरबोर्डला."

त्याने मुकाट्याने गजाला हात लावला. "गेली. आता?"

"आता ही वायर धरा. ओढू नका. फक्त धरा."

"अशी?"

"अजून हळू."

तो अजून हळू झाला. आमची डोकी कॅबिनेटवर इतकी जवळ आली होती की त्याच्या शर्टाचा इस्त्रीचा वास येत होता. मी स्क्रू फिरवत होते आणि स्क्रूड्रायव्हर दुसऱ्यांदा त्याच खाचेतून निसटला.

"तुमच्या केसात काहीतरी आहे," तो म्हणाला.

"रुई असेल. काल दिवसभर लूमवर होते."

"काढू?"

मी अण्णांकडे पाहिलं. पेपर हलला नाही. मी मान डोलावली, आणि त्याने दोन बोटांनी, वायर धरली होती तितक्याच हलक्या हाताने, ती रुई काढली. टाकली मात्र नाही. कुठे ठेवली ते मी विचारलं नाही.

पहिला कूलर बसेना. झाकण वर उचललं जात होतं. इक्बालभाईंना फोन केला, गंधार बाइकवर जाऊन चपटा कूलर घेऊन आला. झाकण बसलं, बटण दाबलं, पंखे फिरले... आणि स्क्रीन काळाच राहिला.

मी कार्ड काढलं, पुन्हा लावलं. रॅम काढली, पुन्हा लावली. काळाच. माझ्या डोळ्यांसमोर तो व्यापारी, तो अर्धा पडदा आणि शाळेतलं क्लार्कचं टेबल, सगळं एकदम आलं. मी चादरीवर बसून राहिले.

गंधार मात्र कॅबिनेटला कान लावून होता.

"हा चालू आहे," तो म्हणाला. "पंखा आधी जोरात फिरला, मग सावकाश झाला. संगणक सुरू होताना तसाच होतो ना? आत सगळं ठीक आहे. फक्त आपल्याला दिसत नाहीये."

आत सगळं ठीक आहे, फक्त दिसत नाहीये... आणि मला सुचलं. मदरबोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून बसतात, म्हणून त्यांना जोडायला एक पट्टीसारखी केबल असते. कार्ड नवं होतं, भरभर बोलणारं. केबल कॅबिनेटबरोबर आलेली, जुन्या पद्धतीची. तिला तो वेग झेपत नव्हता.

मी कार्ड काढून ठेवलं, स्क्रीन थेट मदरबोर्डला जोडला. चित्र आलं. सेटिंगमध्ये जाऊन त्या जोडणीचा वेग एक पायरी खाली आणला. मग कार्ड परत बसवलं, केबल लावली, बटण दाबलं.

स्क्रीन उजळला.

पेपरच्या मागून अण्णा म्हणाले, "झालं का? मग त्याला काहीतरी खायला दे. सकाळपासून नुसता वायर धरून बसलाय."

शुक्रवारी मी स्कूटर चालवत होते, मागे गंधार, आणि आमच्या दोघांच्या मध्ये ते हिरवं कॅबिनेट. नारपोलीच्या खड्ड्यांतून जाताना तो सारखा म्हणत होता, "हळू, हळू." शेवटी मी विचारलं, "कुणाची काळजी? माझी की त्याची?"

"तुझी," तो म्हणाला. आणि लगेच, "म्हणजे... तुमची."

"पहिलंच बरं होतं," मी म्हणाले. हेल्मेट होतं ते बरं झालं.

सफियाआपांनी लूमच्या शेडमध्येच टेबल मांडलं होतं, मोठा टीव्ही आणवला होता. खरेदीप्रमुख विद्युल्लता मॅडम आल्या, पांढरे केस, गळ्यात चष्मा. बसल्याही नाहीत.

"फोटो खूप बघितलेत मी," त्या म्हणाल्या. "मला हेच कापड खिडकीला दाखवा. संध्याकाळच्या उजेडात."

मी दाखवलं. टीव्हीवर हॉटेलची खोली उघडली, खिडकीवर आमचं कापड चुण्या पडून उतरलं, त्यावर तिरपं ऊन आलं.

"रंग बदला. गडद नको, या माझ्या साडीसारखा."

मी साडीचा फोटो घेतला, रंग उचलला. पडदा जांभळट राखाडी झाला. तोच रंग सोफ्यावर. मग नक्षी लहान, मग मोठी, मग वारा सुटल्यावर पडदा कसा हलेल. त्या मागत गेल्या, मी देत गेले. आणि तेवढ्यात पंख्याचा आवाज चढू लागला. शेडच्या टोकाला चालू असलेल्या जुन्या लूमच्या खडखडाटात मला तो ऐकूच आला नाही. गंधारला आला. त्याने लांबूनच नाकासमोर बोट फिरवून श्वास कोंडल्याची खूण केली.

जाळी! शेडमधली रुई जाळीवर पांढऱ्या गोधडीसारखी चिकटली होती. मी आधीच तिच्यावर आपांच्याच लूमचं विरविरीत कापड चुंबकांनी लावलं होतं. ते ओढून काढलं, झटकलं, परत लावलं. पंखा शांत झाला. पडदा एकदाही अडखळला नव्हता, वाऱ्यावर हलतच होता.

"हे काय केलंत?" मॅडमनी विचारलं.

"त्याचं नाक पुसलं," मी म्हणाले.

त्या हसल्या आणि शेवटी खुर्चीवर बसल्या. "कापड चांगलं आहेच. पण मी बोलेन ते समोर तयार होतं, हे मला कुणी दाखवलं नव्हतं. आपा, तुमचे नवे लूम रिकामे आहेत ना? मग आमच्या सगळ्या हॉटेलांचं काम धरा. आणि डिझाइन हिचंच पाहिजे."

सफियाआपा एरवी कडक बाई. त्यांनी मला जवळ ओढलं आणि हिंदी-मराठी सगळं एक करून म्हणाल्या, "बेटा, अब कोई लूम नहीं बिकेगा. एक पण नाही विकणार." त्यांच्या खांद्यावरून मी गंधारकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याचा चेहरा असा की जणू ऑर्डर त्यालाच मिळाली.

त्याचं कॅबिनेट मी पुढच्याच आठवड्यात निवडलं. थोडं रुंद, काळं, आतून फोम लावलेलं. या वेळी जोडणी त्याच्या घरी झाली आणि वायरी मी धरल्या.

मग आम्ही ते घेऊन दिघाशीला गेलो. दुपारची वेळ, शेणाने सारवलेली ओटी, चटईवर चार बायका. मधल्या तुळजामावशी, कपाळावर मोठं कुंकू. मी हेडफोन लावून प्रत्येक माईकचा आवाज तपासला. गंधारने मान हलवली. मावशींनी घसा साफ केला आणि थांबल्या.

"नाव कोनाचा घेऊ रं?"

"नाव?" गंधार म्हणाला.

"नवरा-नवरीचा. नावाबिगर धवला न्हाय होत."

"कुठलंही घ्या, मावशी. रेकॉर्डिंगच आहे."

"कुठलापन कसा घेऊ? लगीन काय कोनाचापन हाय?"

गंधारने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे. त्याचे कान लाल झाले होते. काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. नेहमी नेमकं बोलणारा हा माणूस... मी हेडफोन काढले.

"नवरीचं नाव निवेदिता," मी म्हणाले.

चारही बायका वळून बघू लागल्या. मावशींचे डोळे बारीक झाले. "आन् नवऱ्याचा?"

"गंधार."

मग एकीने तोंडाला पदर लावला, दुसरीने तिला कोपर मारलं, आणि सगळ्या हसायला लागल्या. गंधार मात्र हसत नव्हता. तो माझ्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसला.

"खरंच म्हणतेस?"

"तुला हरकत असेल तर दुसरं नाव देते."

"नको," तो म्हणाला. "दुसरं मुळीच नको. हेच सांगायला मी रोज शब्द जुळवत होतो, निवेदिता. माझ्या आधी तू सांगितलंस."

"मग आता तू मावशींना सांग."

तो वळला. त्याचा आवाज चांगला खणखणीत निघाला. "मावशी, नावं खरी आहेत. लग्नालापण तुम्हीच यायचं गायला."

"मी न्हाय येनार त कोन येनार?" तुळजामावशी म्हणाल्या. त्यांनी मांडी सावरली, डोळे मिटले आणि माझं नाव घेऊन सूर लावला.