भिंतीपलीकडच्या डोरथीबाई

नकुल, तो फोन खिशात ठेव आधी. आन्या, हसायचं असेल तर वर जा आईकडे. आमच्या ऑफिसातल्या गुरुनाथची गोष्ट आहे ही, आणि तो काही थापा मारणाऱ्यांतला नव्हे.

गुरुवार, पंधरा जानेवारी दोन हजार चार. रात्रीचे साडेआठ. न्यू जर्सीत हाडं गोठवणारी थंडी. गुरुनाथला शेजारच्या डोरथीबाईंच्या रिकाम्या घरातले नळ बारीक सोडून यायचे होते, नाहीतर पाणी गोठून पाइप फुटतात, एवढंच काम. किल्ली डोरथीबाईंच्या पुतण्याने देऊन ठेवलेली.

ती वसाहतच एकोणीसशे एकोणतीसची. गाड्या मागच्या गल्लीत, घरांची तोंडं बागेकडे. घरं जोडीजोडीने, मधली भिंत एकच. ह्याचा जिना त्या भिंतीला चिकटून, तसाच डोरथीबाईंचाही. आरशात पाहिल्यासारखं. ऐंशीच्या डोरथीबाई ऑक्टोबरात गेल्या. दर रविवारी म्हणायच्या, "तुझं घर दाखव ना एकदा. साठ वर्षं ह्या बाजूला काढली, ती बाजू पाहिलीच नाही."

आणि हा शहाणा म्हणायचा, "सुचित्रा आली की नक्की या." बायको नागपुरात, व्हिसा अडकलेला. घरात एक गादी, एक कॉम्प्युटर. खुर्चीसुद्धा नाही, मग पाहुण्याला बोलवायचं कुठल्या तोंडाने? आठ महिन्यांत त्याच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. एकटेपणाने जीव कासावीस व्हायचा, तरी त्या म्हातारीला आत घेतलं नाही. ही रुखरुख त्याला फार होती.

तर तो आत शिरला. सवयीने दिव्याचं बटण डावीकडे चाचपलं. इथे ते उजवीकडे. खालचा नळ सोडला आणि वर निघाला.

पहिली पायरी. दुसरी.

भिंतीपलीकडे... पाऊल वाजलं.

तो थांबला. तेही थांबलं.

"काका, इको असेल," आन्या म्हणाली.

अगं, ऐक तर. हा तिथेच उभा होता, आणि ते पाऊल वर चढलं. हळूहळू. कठड्याला धरून चढावं तसं. ह्याच्या घरात! कुलूप लावलेलं, किल्ली ह्याच्या खिशात.

वरची फळी करकरली. मग पलीकडची. कुणीतरी एकेक खोली बघत होतं... निवांत.

"कोण आहे?"

तो धावत आपल्या घराकडे सुटला. बर्फात पावलं फक्त त्याचीच. कुलूप जसंच्या तसं. घर रिकामं. दाराच्या आत, पायपुसण्यावर, बायकी बुटांचा जोड. लहानसा. नीट काढून ठेवलेला. त्यावर बर्फ.

भीती बाजूलाच राहिली. त्याला रडू फुटलं. "बसा ना," तो मोठ्याने म्हणाला, "खुर्ची नाही हो, पण बसा." आणि दोन कप चहाचं आधण ठेवलं.

ते बूट हलवायला त्याचा हात धजावला नाही. एप्रिलच्या शेवटी सुचित्रा आली. दारात बॅग टेकवली, चपला काढल्या आणि खाली बघत हळूच म्हणाली, "कोण आलंय?"

बाहेर बर्फ वितळून महिना झाला होता. बूट ओले होते.