आबांना न सांगितलेली विद्या

आसोलगडावर उजाडत होते. पूर्वेच्या डोंगररांगेमागून आलेला तांबूस प्रकाश आधी बालेकिल्ल्याच्या बुरुजांवर, मग सदरेच्या कौलांवर आणि सर्वांत शेवटी, गडाच्या पायथ्याशी पसरलेल्या रायाजी घारगे देशमुखांच्या छावणीवर उतरला. वेढ्याला चौथा महिना लागला होता, आणि माणूस चौथ्या महिन्यात कशालाही सरावतो. टाक्यावर धुणे धुणाऱ्या बायका छावणीतल्या चुलींचा धूर पाहून वेळ सांगत आणि घारग्यांच्या आचाऱ्याला नावे ठेवत.

किल्लेदार नागोजीराव सुर्वे न्याहारीला बसले होते. समोर त्यांची एकुलती एक लेक सगुणा. विसाव्या वर्षी नवरा गमावून ती माहेरी आली त्याला आता तीन वर्षे होत आली होती.

"भाकरी फार पातळ झाली गं," नागोजीरावांनी भाकरी उजेडाकडे धरली. "पलीकडचा घारगे दिसतोय हिच्यातून."

"मग तोंड फिरवून खा, आबा."

ते हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि तिने पाण्याचा गडू पुढे सरकवला. त्या न्याहारीला एवढेच घडले.

न्याहारी आटोपून सगुणा अंबारखान्यात गेली. धान्य संपत चालले तशी तिथली जमीन रिकामी होत गेली होती, आणि त्या रिकाम्या जागेत गोंदजी नाईक तिची वाट पाहत होता. एके काळचा नावाजलेला पट्टेकरी. मांडीला गोळी लागल्यापासून कोठाराची राखण करणारा. विधवा होऊन आलेली पोर तासन्‌तास कोठाराच्या पायरीवर गप्प बसते, हे पाहून त्यानेच एक दिवस तिच्या हातात गदगा दिला होता, कातड्याने मढवलेला सरावाचा दांडा. दुसऱ्या हातात लहानशी ढाल, फरी. पुढे बिचव्याचे, त्या आखूड कट्यारीचे, डाव आले आणि मग रिकाम्या हाताने बिचवा हिसकावण्याचे. हे सारे दोन वर्षे चालले होते आणि त्या दोघांखेरीज गडावर कोणाला ठाऊक नव्हते. सगुणा मोजणीला जाते, असेच सर्व समजत.

"आज आबांना सांगते," ती म्हणाली.

गोंदजीने गदगा खाली घेतला. "कशापायी?"

"तटावर माणूस पुरत नाही, नि आबांनी राखणीला ठेवलेले हिरोजी-कान्होजी माझ्या उंबऱ्यावर बसून सुपारी कातरतात. गडावरचे सगळ्यांत चांगले दोन गडी. मला बघून शरम वाटते, काका."

"कातरू देत. हे बघ लेकी, तू सांगशील, धनी खूश होतील. खूश झालेला बाप चौघांत बोलतो. त्या चौघांतला एखादा खाली कुणाच्या तरी पंक्तीला बसतो. मग उद्या तुझ्या अंगावर येणारा माणूस जपून येईल. तो बेसावध आला तरच तुझा डाव चालणार. ताकदीत तू त्याला पुरणार आहेस का?"

"आणि आबा मला जन्मभर दुबळी पोर समजत राहिले तर?"

"समजू देत. जीव तर राहील."

तिने फरी उचलली. न सांगण्याचे आणखी एक कारण होते, ते तिने गोंदजीलाही सांगितले नव्हते. आबांनी 'नको' म्हटले असते तर तिला ते ऐकावे लागले असते, आणि परत आल्यापासून निव्वळ तिचे असे एवढे एकच होते.

दुपारी खालून निशाण दाखवून घारग्यांचा वकील वर आला. बेल-भंडार उचलून त्याने आपल्या धन्याच्या वतीने शपथ वाहिली: उद्या सकाळी खिंडीत भेट व्हावी, दोन्हीकडून दोन-दोन माणसे, सर्व निःशस्त्र, बोलणी संपेपर्यंत रायाजींचा सख्खा पुतण्या जोत्याजी गडावर ओलीस राहील. धान्य वीस दिवसांचे उरले होते. नागोजीरावांनी बेल मस्तकाला लावला.

वकील गेल्यावर सगुणा दाराशी येऊन उभी राहिली. "आबा, एक सांगायचं होतं."

"उद्या सांग, पोरी. भेट आटोपली की निवांत बसू."

"बरं," ती म्हणाली, आणि तिला हायसे वाटले.

दुसऱ्या दिवशी सूर्य कासराभर वर आला असता जोत्याजी घारगे गडाच्या दरवाजात दाखल झाला. पंचविशीचा, देखणा, बोलायला गोड. कान्होजीने रिवाजाप्रमाणे त्याचा अंगरखा चाचपला, कमरबंद सोडून पाहिला, जोडे उलटे करून झटकले. मग त्याचा हात वर जाऊ लागला, तो नागोजीरावांनी अडवला.

"पागोटं राहू दे. पाहुणा आहे."

कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. पाहुण्याच्या पागोट्याला हात घालणे हे त्याच्या थोबाडीत मारण्याहून वाईट, आणि ओलीस आलेला माणूस हा गडाचा पाहुणाच.

हिरोजी कमरेची तलवार सोडून दुसऱ्याच्या हाती देऊ लागला. धन्याबरोबर जाणारे दोघे कोण, हे त्याने विचारलेदेखील नव्हते.

"हिरोजी, तलवार बांध. तू नि कान्होजी वर थांबा. माझ्याबरोबर कारकून येतील आणि अब्दागिरीवाला."

"धनी!" हिरोजीचा आवाज चढला. "कारकुनाचं वय सत्तर! वेळ आली तर तो काय दौत फेकून मारील?"

आजूबाजूचे शिपाई हसले. नागोजीरावही हसले, पण त्यांचा विचार बदलला नाही. "परका माणूस सदरेवर बसणार आणि घरात सगुणा एकटी. तिला दुसरं कोण आहे? माझी काळजी करू नका, मी शपथेवर चाललो आहे."

सगुणा तीन पावलांवर विड्यांचे तबक घेऊन उभी होती. कालपासून सांगायचे राहिलेले वाक्य तिच्या ओठांवर आले. पण तिच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, जोत्याजी उभा होता आणि प्रत्येक शब्द ऐकत होता. तिने गर्दीत गोंदजीला शोधले. त्याने मान हलवली: नको.

"आबा, निदान हिरोजींना तरी न्या," ती एवढेच म्हणाली.

"वडिलांचं ऐकायचं," ते म्हणाले, तबकातला विडा उचलला आणि मोठ्या दरवाजातल्या लहान दिंडीतून बाहेर पडले.

घटका गेली असेल. सदर दरवाजाच्या आतल्या अंगालाच होती. जोत्याजी तिथे तक्क्याला टेकून बसला होता, आणि घरची रीत म्हणून सगुणेने त्याच्यासाठी ताक आणले. तो उठून उभा राहिला, भांडे घ्यायला म्हणून पुढे झाला, आणि त्याच क्षणी खाली खिंडीत शिंग वाजले. ते गडाचे शिंग नव्हते.

जोत्याजीचा हात पागोट्याच्या घड्यांत गेला आणि अरुंद पात्याचा बिचवा घेऊन बाहेर आला. दुसऱ्या हाताने त्याने सगुणेला मानेमागून धरून जवळ ओढले. बिचव्याचे टोक तिच्या गळ्याला लागले.

"दिंडी उघडा! माणसं वर येताहेत. उघडा, नाहीतर ही मेली."

हिरोजी-कान्होजींच्या तलवारी म्यानातून निघाल्या आणि तशाच थांबल्या. पाच पावलांचे अंतर होते, आणि ते पार करता येणार नव्हते. कान्होजीने तलवार जमिनीवर टाकली. "बाईसाहेबांना सोडा," तो म्हणाला आणि दिंडीच्या अडसराकडे वळला. किल्लेदारांनी त्याला ही एक जिवंत राखायला सांगितले होते. तो दुसरे काय करणार?

जोत्याजीने तिला सैल धरले होते. बाईची मान धरायला जास्त बळ लागते, असे त्याला वाटले नव्हते.

सगुणा गुडघ्यांत एकदम खाली बसली. दोन्ही हातांनी त्याचे मनगट धरून ती त्याच्या कोपराखालून वळली, अंबारखान्यात हजारदा वळली होती तशी. सांध्याचा आवाज झाला. बिचवा तिच्या हाती आला. तिथे थांबावे की नाही, हे गोंदजीने कधी शिकवले नव्हते, आणि ती थांबली नाही.

ताक आणि रक्त फरशीवर एकत्र झाले. "अडसराला हात लावू नकोस, कान्होजी!" ती ओरडली. "तटावर चला सगळे!"

पळत वर आलेल्या घारग्यांच्या माणसांना दिंडी बंद मिळाली, आणि तटावरून धोंडे सुटले. दुपारपर्यंत वाट मोकळी झाली.

शपथ मोडणाऱ्या धन्याच्या पदरी राहायला पुष्कळांनी नकार दिला. छावणी दिवसेंदिवस विरळ होत गेली आणि अकराव्या दिवशी वेढा उठला. पण ते पुढचे. त्या दिवशी दुपारी हिरोजी खाली उतरला आणि घोंगड्याच्या झोळीतून नागोजीरावांना वर घेऊन आला.

"कारकून नि अब्दागिरीवाला खिंडीतच पडले," तो म्हणाला. "धनी निसटले होते. गडाच्या दुसऱ्या वळणापर्यंत आले होते, बाईसाहेब. वार पाठीत आहेत. पाठीला एक माणूस जरी असता..." त्याने सगुणेकडे पाहिले, तिच्या रक्ताळलेल्या बाहीकडे पाहिले, आणि झोळीची गाठ सोडली.

देह सदरेवर ठेवला. शिपाई आणि बाया लांबून तिच्याकडे पाहत होत्या. कुणीतरी तिच्या पायांशी वाकू लागले, तिने पाय मागे घेतले. गोंदजी लंगडत तिच्याजवळ आला.

"दरवाजात तू बोलली असतीस नि घारग्याच्या पुतण्यानं ऐकलं असतं, तर बिचवा आधीच गळ्यात गेला असता, लेकी. गड गेला असता."

"हो," ती म्हणाली. "आणि काल सांगितलं असतं तर? किंवा दोन वर्षांपूर्वी?"

गोंदजी खांबाला टेकला. "मला ठाऊक नाही," तो म्हणाला.

सगुणा वडिलांच्या उशाशी बसली. त्यांच्या कपाळावरची धूळ तिने पदराने पुसली. मग ताठ बसून, सदरेवरच्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली.

"आबा, मला गदगा येतो. बिचवा येतो. रिकाम्या हातानं लढता येतं. दोन वर्षं शिकतेय. हिरोजींना माझ्या दाराशी ठेवायची गरज नव्हती."