खाटेवरचा रुमाल

"मागं डोंगर, पुढं ओढा, आणि म्हणं निसर्गरम्य!"

अगदी माझ्या कानाशी कुणीतरी पुटपुटलं. पुटपुटणाऱ्याला बहुतेक वाटत होतं, आपण मनातल्या मनात बोलतोय. खिडकी एकच होती आणि तिच्यातून डोकावणारे आम्ही दोघं. गजांवरून पावसाचे थेंब एकामागोमाग घसरत होते, आणि त्याच्या ओल्या बाहीचा गारवा माझ्या कोपराला लागत होता.

"ओढ्याचं पाणी कुठवर चढतं, ते विचारलंत का?" मी म्हटलं.

तो दचकला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही महाडच्या."

"कशावरून?"

"महाडचं माणूस कुठंही गेलं की आधी पाणी बघतं."

"आणि तुम्ही?"

"पोलादपूरच्या वरच्या वाडीतला. आम्ही आधी डोंगर बघतो... खाली यायचा त्याचा विचार नाय ना, ते!"

हसला. हसताना त्याच्या एका गालावर खळी पडली, दुसऱ्यावर नाही. अशा अर्धवट गोष्टींकडे लक्ष जावं अशी ती जागा नव्हती. नाते गावाच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. गेटावरच्या पाटीवर ठसठशीत अक्षरांत 'वृद्धाश्रम' लिहिलेलं. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. मी 'जागा' म्हणायची, शरदकाका 'सोय' म्हणायचे.

काका म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. बाबा गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, स्वतःचं लग्न राहूनच गेलं. मी दिवसभर बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये, काका घरात एकटे. उन्हाळ्यात न्हाणीघरात पाय घसरला, तर दूधवाला येईपर्यंत ओल्या फरशीवर पडून होते. मला म्हणाले, "गार बरं वाटत होतं गं." त्या दिवसापासून मला झोप नव्हती.

त्याचं नाव चंदन, गुरांचा डॉक्टर. वाडीत त्याची आजी, बयाबाई. बाकीची घरं मुंबईला उठून गेलेली, आणि हा सकाळपासून कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात. आईवडील विरारला चौथ्या मजल्यावर. आजीने एकदा लिफ्टमध्ये डोकावून सांगितलं होतं, "ह्या खुराड्यात मी शिरणार नाय."

खिडकीपाशी आम्ही डोंगर आणि ओढ्याचा न्याय करीत असताना आमची दोन्ही म्हातारी माणसं आत होती. काका पुरुषांच्या खोलीत, बयाबाई बायकांच्या. तिकडे आम्ही पाठ केलेली होती.

निघताना मला पुरुषांच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या खाटेवर काकांचा रुमाल सापडला. विसरभोळेपणाला कंटाळून मी तो उचलला, घरी नेऊन धुतला, इस्त्री करून त्यांच्या खिशात ठेवला. काका रुमालाकडे बघत राहिले.

"नात्याचं नको," मी चंदनला म्हटलं. "ओढा आहे."

"दुसरीकडं बघू," फोनवर चंदन म्हणाला. "माझी गाडी आहे. काकांना एस.टी.त कशाला चढवता?"

मग आमचे रविवार सुरू झाले.

दासगावला गेलो. जागा सपाट, हवेशीर, स्वयंपाकघर झकास. चंदन खूश. "डोंगर लांब आहे!"

"पण सावित्री नदी जवळ आहे."

"जवळ कुठं? एवढी शेतं मध्ये आहेत."

"शेतं पाण्याला अडवत नाहीत, डॉक्टर."

"मग नको," तो लगेच म्हणाला. इतक्या लगेच, की मीच गोंधळले. भांडण थोडं लांबलं असतं तर चाललं असतं.

पोलादपूरजवळची जागा उंचावर होती. पाणी चढायचा प्रश्नच नव्हता. मी खुशीत त्याच्याकडे बघितलं, तर हा मागच्या उताराकडे मान वर करून उभा.

"ती झाडं वाकलीत, बघा."

"वारा आहे."

"माती सरकतेय."

"तुम्हाला सगळीकडे माती सरकताना दिसते."

"हल्ली... हो," तो माझ्याकडे बघत म्हणाला. मी छत्री उघडली. आम्ही व्हरांड्यात होतो, पाऊस बाहेर होता.

प्रत्येक ठिकाणी चहा आणि उपमा. प्रत्येक ठिकाणी 'आपलंच घर समजा'. काका माझ्या शेजारी बसून हळूच म्हणायचे, "मला दाखवायला आणलंय, की तुला? पोहे तेवढे राहिले." बयाबाई गाडीत बसताना गुडघे धरून म्हणायच्या, "किती हिंडवतोस रे? म्हैस घ्यायला तरी माणूस एवढा हिंडत नाय."

आणि मला, खरं सांगते, दोघांचाही राग यायचा. यांच्यासाठीच तर सगळं चाललंय ना? सोमवारपासून शनिवारपर्यंत मी औषधांच्या पट्ट्या कापायची आणि रविवारी कोणती साडी नेसायची ते ठरवायची. वृद्धाश्रम बघायला जाताना बाई साडी का ठरवते, हे मी स्वतःला विचारलं नाही.

एका गुरुवारी काका पुन्हा पडले. फार नाही, कोपर खरचटलं. शेजारच्या रेश्माने उठवून बसवलं. त्याच संध्याकाळी नात्याहून फोन आला. तिथे दोनच खाटा उरल्या होत्या, रविवारपर्यंत कळवायचं होतं. मी "बघते" म्हणून फोन ठेवला आणि चंदनला लावला.

"कशेडीकडे एक जागा आहे म्हणे," मी म्हटलं.

"जाऊ की," तो म्हणाला. काकांच्या कोपराबद्दल मी बोलले नाही. बोलले असते तर नात्याला जावं लागलं असतं.

रविवारी निघालो. काका नेहमीसारखे पुढे, पाय लांब करता येतात म्हणून. मी आणि बयाबाई मागे. कशेडीच्या अलीकडे रस्त्यावर दगडमाती आलेली. ट्रकांची रांग लागली, आमची गाडी रांगेत शेवटची. काच धुरकटली, वायपर करकरत राहिला. आरशात चंदनचे डोळे... मी बाहेर बघितलं. पुन्हा आरशात बघितलं. ते तिथेच होते.

"चंदन," बयाबाई म्हणाल्या, "गाडी फिरव. नात्याला चल."

"आजी, तिथं मागं डोंगर—"

"जल्मभर डोंगरातच राहिले ना मी? नवी म्हैस गोठ्यात आणली की काय करतो आपण?"

"आता म्हशीचं काय मध्येच?"

"सांग ना, डागतर!"

"वैरण टाकतो. बांधत नाही लगेच."

"आणि?"

"खाऊन बसली, रवंथ करायला लागली, की समजायचं गोठा मानवला. उभीच राहिली तर..." तो थांबला.

"त्या दिवशी मी तिथं पिठलंभात खाल्ला. खाटेवर पाय पसरले. त्या खोलीतल्या शकूबरोबर सुपारी चघळीत गप्पा मारल्या. डोळा पण लागला माझा! गुरं राखणाऱ्या घरातलं पोर तू, तुला दिसलं नाय? कुठं बघत होतास?"

चंदनचे कान लाल झाले. मला हसू आलं. फार वेळ टिकलं नाही.

"आणि मी रुमाल टाकला होता," काका म्हणाले.

"कोणता रुमाल?"

"एस.टी.च्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकून तुला जागा धरून द्यायचो की नाही? तसा. खिडकीची खाट, समोर ओढा, शेजारी बुद्धिबळ खेळणारा माणूस. धरली होती मी जागा. तू रुमाल उचललास, आणि वर इस्त्री करून दिलास."

"काका, तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर तुला वाटलं असतं, तुझ्यावर ओझं नको म्हणून बोलतोय." काकांनी खरचटलेलं कोपर मांडीवर घेतलं. "ओझंबिझं नाही गं. मला दिवसभर त्या घरात भीती वाटते. वृद्धाश्रम म्हण आणि मोकळी हो. शब्दाला काय काटे आहेत?"

बयाबाईंनी त्यांचा खरखरीत हात माझ्या हातावर ठेवला.

"आता खोट कशात हाय ते एकदा सांगा दोघं," त्या म्हणाल्या. "डोंगरात नाय, ओढ्यात नाय. मग?"

वायपर एकदा गेला, एकदा आला. पुढच्या ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं, आणि फारच शांत झालं.

"खोट नाय आजी," चंदन म्हणाला. आरशात न बघता, स्टेअरिंगकडे बघून. "पण जागा ठरली की... या कशाला येतील माझ्या गाडीत?"

काकांनी मुकाट्याने दार उघडलं, छत्री उघडली, उतरले आणि मागच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"सरक," मला म्हणाले. "नाहीतर उतर."

मी उतरले. पाऊस डोक्यावर, पदर ओला. मी काकांच्या वरच्या खिशातून तो इस्त्रीचा रुमाल काढला आणि वाकून चंदनशेजारच्या सीटवर टाकला. त्याने रुमालाकडे बघितलं, मग माझ्याकडे. गालावरची ती एकुलती एक खळी...

"नात्याला चला," मी म्हटलं. आवाज कापत होता, कापू दिला. "आज काकांना वृद्धाश्रमात ठेवून मला एकटीला घरी परतायचं नाहीये, चंदन. आज नाही, आणि पुढेही नाही."