चंद्रावर निघालेल्या आजीचा दात

कराडच्या दातांच्या दवाखान्यात शर्वाणी काही केल्या एका जागी बसेना. "अगं, बूड टेक की जरा!" हौसाआजी खेकसली. पण तिचा स्वतःचा पायही सारखा हलत होता.

कारणच तसं होतं. शर्वाणीची सुचीआत्या चंद्रावरच्या वस्तीत राहायची आणि तिला नुकतेच दिवस गेले होते. लेकीला माहेरी येता येणार नाही, म्हणून आजीनेच तिकडे बाळंतपणाला जायचं ठरवलं. घोडं अडलं ते एका दातापाशी. हिरडी सुजलेल्या माणसाला यानात घेत नसत. आजीचा एक कृत्रिम दात सैल होऊन निघाला होता आणि आता दुसऱ्याभोवतीही सूज आली होती.

दंतोबा नावाच्या यंत्रमानवाने आजीच्या जबड्याचं चित्र भिंतीवर उमटवलं.

"हा टायटॅनियमचा स्क्रू म्हणजे नव्या दाताचं मूळ. हाडातल्या पेशी त्याला बिलगून नवं हाड बांधतात. याला अस्थिसंयोग (हाड आणि धातू घट्ट जोडले जाणे) म्हणतात. तुमचं हाड मात्र मागे सरकतंय."

"पण का?" शर्वाणीला दम निघेना.

"तेच शोधतोय. रक्तातली साखर वाढली की जखम नीट भरत नाही, पण आजींची साखर ताब्यात आहे. झोपेत दात खाल्ले की स्क्रूवर जादा भार येतो, तेही नाही. जंतूंचा थर साचला तरी हाड झिजतं, पण दात स्वच्छ आहेत. आजी, तंबाखू?"

"छ्या! आमच्या घरात कुणी हात लावत न्हाई तंबाखूला," आजी अगदी खरेपणाने म्हणाली.

शर्वाणी पेचात पडली. बोलावं तर आजी चिडणार, गप्प बसावं तर दात जाणार. शेवटी तिने डोळे मिटून विचारलं, "आजी, आणि मिश्री?"

"ती व्हय? ती तर दातं घासायला! तव्यावर भाजून काळी केल्यावर तिच्यात तंबाखू कुठं उरती?"

"उरते," दंतोबा म्हणाला. "तिच्यातलं निकोटीन (सवय लावणारं द्रव्य) भाजूनही सगळं जात नाही. ते हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. रक्त कमी, म्हणून प्राणवायू कमी. मग हाड बांधणाऱ्या पेशी उपाशी राहतात आणि जंतूंचं फावतं."

"म्हणजे गवंडी हजर, पण सिमेंटच येत नाही?" शर्वाणीने विचारलं.

"अगदी तसंच. स्क्रू अजून हलत नाही, म्हणून आशा आहे. मिश्री सुटली आणि उपचार झाले, तर सूज उतरू शकेल. खात्री मात्र देत नाही."

"सकाळी लावली न्हाई तर डोकं उठतं माझं," आजी पुटपुटली.

"सवय सोडवायला औषध आहे, मीही आहे."

आजीने सुजलेल्या हिरडीवरून जीभ फिरवली. मग एकदम तिचा चेहरा उतरला. "रक्त आवळतं म्हनलास. पोटातल्या लेकराचं बी?"

"हो. आईकडून बाळाला मिळणारं रक्त कमी होतं. बाळाची वाढ खुंटते."

आजी ताडकन उठली. "शरू, सुचीला फोन लाव! तिच्या सामानात मीच भरून दिली होती मिश्री."

पडद्यावर आत्या हसत होती. "सुचे, मिश्री लावतीस का गं?" आजीने विचारलं. चंद्रावरून उत्तर यायला जरा वेळ लागतो. तेवढ्या वेळात आजीने शर्वाणीचा हात दुखेस्तोवर दाबला.

"लावते की. तूच तर दिलीस."

"टाक ती. आत्ताच्या आत्ता. चुकलं माझं, पोरी." आजीने कान पकडला. "मी बी सोडतीया. जड जाईल, पर सोडतीया."

आत्या गोंधळली, पण उठून आत गेली. पडदा रिकामा झाला.

थोड्या वेळाने आत्या परत आली. "टाकली," ती म्हणाली. "आता तू ये."