चार नंबरच्या खाटेवरचा धडधाकट पेशंट

सिस्टरबाईंचं वय तिशीचं, पण दमल्या होत्या अशा, की त्यांची सावली त्यांच्याआधी खुर्ची शोधायची. खोटं वाटतंय? मेट्रनबाईंना विचारा! पेशंट तपासायचे, औषधं वेळेवर द्यायची, नातेवाइकांची समजूत घालायची, सगळं या एकटीच्या गळ्यात. म्हणून आज एप्रनच्या खिशात राजीनामा होता.

दुपारी चार नंबरच्या खाटेवर एक तरुण छातीला वायरी लावून पडलेला दिसला. बाईंनी कागद न बघताच त्याचं मनगट धरलं.

"सकाळपासून काही खाल्लंय?"

"अहो सिस्टर, मी—"

"बोलू नका. जीभ दाखवा."

बिचाऱ्यानं दाखवली. शेजारच्या मॉनिटरवर आकडा बहात्तरवरून टुणकन एकशेदहावर!

"अगंबाई! डॉक्टरांना—"

"नको... तुम्ही हात सोडा, उतरेल."

सोडला, उतरला. पुन्हा धरला, चढला.

"मी मॉनिटर दुरुस्त करायला आलोय. आम्ही वायरी स्वतःलाच लावून बघतो."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. आधी खुदकन हसू आलं, मग डोळ्यांत पाणी. "धडधाकट माणूस ओळखता येईना मला! म्हणून तर सोडतेय नोकरी."

"कामाचा कंटाळा आलाय?"

"कामाचा नाही हो. बेशुद्ध आजी डोळे उघडून 'पोरी, चहा दे' म्हणाली, की अजून अंगावर मूठभर मांस चढतं. पण... घरी पोचेपर्यंत हसायलाही जीव उरत नाही."

"म्हणजे रोग एक आणि औषध भलतंच! यंत्र तापलं तर आम्ही भंगारात काढत नाही. बंद करून निवू देतो."

"मी यंत्र आहे?"

"छे... यंत्रानं हात धरल्यावर माझी अशी गत कधी झाली नव्हती."

बाईंचे कान लाल झाले. त्या उठल्या, राजीनामा फाडला आणि तडक मेट्रनबाईंकडे गेल्या. पंधरा दिवस रजा हवी, आणि परतल्यावर जोडीला आणखी एक सिस्टर.

"चार वर्षांत पहिली रजा! लग्नबिग्न ठरलं की काय गं?"

"अजून नाही."

दाराबाहेर मेकॅनिक पेटी घेऊन उभाच. "अजून नाही... म्हणजे?"

"म्हणजे आधी दोन दिवस झोपणार. परवा सकाळी फोन करा. दहाच्या आत केलात तर याद राखा!"

पठ्ठ्यानं दहा वाजून एक मिनिटानं केला. आठपासून फोन मांडीवर घेऊन बसलेल्या बाई म्हणाल्या, "किती हो उशीर!"