डेमो पीस परत जाण्याआधी

दुकानातल्या साऱ्या मॉनिटरांवर एकच चित्र चाललं होतं. निळंशार पाणी, त्यावर तरंगणारे रंगीत फुगे. कोपऱ्यातल्या शेजारशेजारच्या दोन मॉनिटरांवर मात्र कुणाच्या तरी छातीचा एकच एक्स-रे होता, आणि त्यातल्या एकाला जवळजवळ नाक लावून एक मुलगी उभी होती.

तिनेच तो लावला होता. रविवारची सुट्टी सोडून, पेशंटचं नाव पुसलेली इमेज पेनड्राइव्हवर घेऊन ती दुकानात आली होती.

"सापडतंय का काही?" मागून आवाज आला.

"सहावी फासळी शोधतेय."

"हरवली?"

तिने वळून पाहिलं. साधा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, आणि चेहरा अगदी गंभीर. फक्त डोळे हसत होते.

"माझी नाही," ती म्हणाली. "तिला एक बारीक चीर आहे. या मॉनिटरवर दिसतेय, त्या शेजारच्यावर गायब."

तो वाकला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "मला तर दोन्ही सारखेच दिसतात. आणि तो शेजारचा निम्म्या किमतीत आहे."

"तो पत्रं टाइप करायला छान आहे. एक्स-रे म्हणजे सगळा काळ्या-पांढऱ्याच्या मधला खेळ. तुम्हाला फरक दिसला नाही तरी चालेल हो, मला दिसायला हवा." ती जरा थांबली. अनोळखी माणसाशी बोलताना जीभ सैल सुटते, तशी तिची सुटली. "पण हे आमच्या हॉस्पिटलच्या खरेदी अधिकाऱ्याला कोण सांगणार? नवीन आलाय. सगळे त्याला कात्री म्हणतात. माझी मागणी दोनदा परत पाठवली त्याने."

"दिसायला कसा आहे?"

"पाहिला नाही अजून. पण असेल ओठ आवळून बसणारा... हसलं तर खर्च होईल म्हणून."

त्याने ओठ घट्ट आवळले. मग म्हणाला, "तुमच्या मागणीत फक्त मॉडेलचा नंबर होता, डॉक्टर. फासळीबद्दल एक अक्षर नव्हतं. म्हणून म्हटलं, सही करण्याआधी आपणच जाऊन बघावं."

तिचे कान तापले. पेनड्राइव्ह काढायलाही ती विसरली असती. त्यानेच तो काढून तिच्या हातात दिला.

"उद्या येतो तुमच्याकडे," कात्री म्हणाला. "ओठ सैल सोडून."

घरी तिच्या ताईने हे ऐकलं आणि ती हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. तिला स्वतःला मात्र हसू येईना. आता मॉनिटर गेलाच, असं ती धरून चालली होती.

पण दुसऱ्या दिवशी तो आला तोच एक भलंमोठं खोकं उचलून. दुकानदाराने आठवडाभर वापरायला दिलेला डेमो पीस, तोच, कोपऱ्यातला.

"शनिवारी परत न्यायचा आहे," तो म्हणाला. "आणि आधीच स्पष्ट सांगतो. यंदा मंजूर झालेली रक्कम ठरलेली आहे, ती वाढणार नाही. त्यात एकतर सगळ्या विभागांना नवीन कॉम्प्युटर आणि साधे मॉनिटर येतील, नाहीतर तुमचा हा एक. बाकीच्यांना 'तुमचं नंतर बघू' हे मला सांगावं लागेल. म्हणून मला खात्री हवी."

"म्हणजे माझी परीक्षा?"

"मॉनिटरची. पण बसायचं तुम्हाला."

रेकॉर्ड विभागातून त्याने निदान पक्कं झालेले जुने एक्स-रे काढून आणले होते, क्रम उलटसुलट करून. आधी तिने ते जुन्या स्क्रीनवर वाचायचे, मग नव्यावर. ती वाचत गेली, तो मागे बसून टिपत गेला. खोलीत अंधार, पंख्याचा आवाज, आणि पाठीवर त्याची नजर. तिला उगाचच दहावीच्या तोंडी परीक्षेसारखं वाटत होतं. मध्येच एकदा तिने वळून पाहिलं तर तो कागदाकडे नव्हे, तिच्याकडे पाहत होता. त्याने घाईने पेन उचललं... उलटं.

तिचं वाचून झालं तेव्हा त्याने टिपलेलं सगळं पुन्हा एकदा ताडून पाहिलं.

"सांगा ना," ती म्हणाली.

"नव्यावर एकही चुकलं नाही. जुन्यावर..." त्याने कागद तिच्यापुढे सरकवला.

आपण जिंकलो म्हणून आपल्याला आनंद होईल, असं तिला वाटलं होतं. पण त्या कागदावर जुन्या स्क्रीनपुढे पडलेल्या फुल्या ती एकेक करून मोजत गेली. काही महिन्यांपासून ती याच जुन्या स्क्रीनवर वाचत होती. जिथे शंका आली, तिथे तिने रिपोर्टमध्ये तसं लिहिलं होतं— 'स्पष्ट दिसत नाही, पुन्हा एक्स-रे काढावा.' ज्यांना लिहिलं त्यातले किती जण परत आले?

"हा परत जायच्या आत मला ते सगळे बघायचेत," ती म्हणाली. "शंका आलेले सगळे."

त्याने विचारलं नाही, की हे तुमच्या कामात बसतं का. खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "तुम्ही बघा. शोधून मी काढून देतो."

मग रोज ऑफिस संपलं की तो यायचा. इमेज उघडायला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात दोघांचं बोलणं व्हायचं. त्यातच त्याने तिच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं.

"तुम्ही नवीन मागितलाय. पण हा काही टाकाऊ नाही. मेमरी वाढवली आणि ही जुनी डिस्क बदलली की पळायला लागेल. इतर विभागांचंही तसंच करता येईल. मग तुमच्या मॉनिटरला पैसे उरतील."

"आणि मला नवीन कॉम्प्युटर नाहीच?"

"मागायला काय जातं?"

"कात्री," ती पुटपुटली. त्याला ऐकू गेलं. त्याला ऐकू जावं अशाच बेताने ती पुटपुटली होती.

शुक्रवारी, शेवटचा दिवस म्हणून, तो दुपारीच आला, आणि थोड्याच वेळात दोघांचं हसणं बंद झालं. एका माणसाच्या एक्स-रेवर, गळपट्टीच्या हाडामागे, एक फिकट डाग होता. जुन्या स्क्रीनवर तो हाडात मिसळून गेला होता. इथे त्याला कडा होती.

"काय आहे?" त्याने हळूच विचारलं.

"माहीत नाही. म्हणजे... मला जे वाटतंय ते नसावं, असं वाटतंय."

तो पेशंट परत आलेलाच नव्हता. फोन लावला तर बंद. नोंदीत धंदा लिहिला होता शाळेच्या बसचा ड्रायव्हर, आणि खाली शाळेचं नाव. तिने ॲप्रन काढून खुर्चीवर टाकला. तो आधीच स्कूटरची किल्ली शोधत होता.

दोघं शाळेकडे निघाली. एका वळणावर स्कूटर घसरतेय असं वाटून तिने त्याच्या खांद्याला धरलं, आणि स्कूटर सरळ झाल्यावरही हात तिथेच राहिला. हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही.

शाळेच्या मागच्या आवारात ड्रायव्हर पाइप धरून बस धूत होता. पन्नाशीचा, तगडा, हसरा माणूस. बोलता बोलता दोनदा खोकला.

"अहो, धुळीचा खोकला आहे. सुट्टी लागली की येतो ना. आता रजा काढली तर पोरांना कोण सोडणार?"

डॉक्टरने समजावलं. शब्द जपून वापरले, पण लपवलं काहीच नाही. तो मान हलवत राहिला, आणि पाइपही सोडीना. तिचा आवाज चढायला लागला, तेव्हा कात्री पुढे झाला आणि त्याने नळ बंद केला.

"दादा, मी हॉस्पिटलात सामान घेण्याचं बघतो. दिवसभर लोकांना एकच सांगतो, नंतर बघू. खुर्चीला, पंख्याला, कपाटाला. त्यांचं चालतं, ती वस्तू आहे. तुम्हाला नंतर बघू म्हणायला माझी जीभ वळत नाही. चला."

ड्रायव्हरने पाइप गुंडाळून ठेवला. मग त्याने हात पुसले.

सीटी स्कॅनमध्ये डाग खराच निघाला. छातीचे डॉक्टर आत फिल्म बघत होते, ड्रायव्हरची बायको येऊन भिंतीशी उभी होती, आणि बाकावर ती दोघं बसली होती.

"उशीर झाला असेल तर?" ती म्हणाली.

"तर उद्या न कळता आज कळलं."

"हे बरं वाटावं म्हणून म्हणताय?"

"हो. जमत नाहीये ना?"

"नाही." पण ती जराशी त्याच्याकडे सरकली.

दार उघडलं. छातीचे डॉक्टर आधी ड्रायव्हरच्या बायकोपाशी गेले. "लहान आहे, एकाच जागी आहे. ऑपरेशन करून काढता येईल. बरं झालं आत्ताच आलात."

ती बाई मटकन खाली बसली. बाकावरची डॉक्टर उठून तिच्याजवळ जाऊन बसली आणि दोघींनी एकमेकींचा हात धरला.

शनिवारी डेमो पीस खोक्यात गेला. आणि पुढच्या आठवड्यात खरेदी समितीची बैठक लागली. अध्यक्षबाई, हिशेबनीस, सगळे विभागप्रमुख. तिला बोलायची वेळ आली, तेव्हा तिने दोन्ही स्क्रीनचे निकाल मांडले. मग सगळ्यांनी कात्रीकडे पाहिलं. त्याची शिफारस म्हणजे निम्मा निर्णय, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तो उठला आणि त्याने फाइल टेबलाच्या मधोमध ठेवली.

"जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून हा एक मॉनिटर घेता येतो. आकडे फाइलमध्ये आहेत," तो म्हणाला. "पण माझी शिफारस धरू नये. मी... या बाबतीत आता तटस्थ नाही."

"म्हणजे?" अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

"दुकानात गेलो तेव्हा होतो. आठवड्याभरात राहिलो नाही." त्याची नजर टेबलावर खिळली होती. "मॉनिटरमुळे नव्हे. डॉक्टरांमुळे."

तिला वाटलं, उठून निघून जावं. मग वाटलं, याच्यावर इथेच ओरडावं— अरे, माझा मॉनिटर बुडवलास. तिसरं जे वाटलं, ते वाटताच मात्र तिने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला.

हिशेबनीस खाकरले. अध्यक्षबाईंनी फाइल ओढून शांतपणे पानं उलटली.

"हे आकडे तुमचे. ते प्रेमात पडण्याआधीचे की नंतरचे?"

"दुकानदाराचे आहेत, बाई. त्याच्याकडून लेखी घेतलेत."

"मग आकड्यांचं तुमच्यासारखं काही झालेलं नाही." कुणीतरी खुदकन हसलं. "तुमची शिफारस वगळली. सही मी करते. त्या बसवाल्याचं ऑपरेशन ठरलं ना, डॉक्टर?"

"हो," ती म्हणाली.

बैठक संपल्यावर तिने त्याला जिन्यात गाठलं.

"सगळ्या समितीला सांगितलंत. हिशेबनिसांनासुद्धा. मला कुठे सांगितलंत?"

"तुम्ही समोरच होतात..."

"माझ्यासमोर सांगणं आणि मला सांगणं यात फरक आहे. आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तर? मॉनिटर गेला असता."

"माहीत होतं. सकाळपासून त्याच भीतीने जेवलो नाही. पण उद्या कुणी म्हटलं असतं, हिने याला पटवून मॉनिटर मिळवला... तुमच्या कामाला तसला डाग नको होता." त्याने कठडा घट्ट धरला होता. "उत्तराची घाई नाही मला. सावकाश विचार करून..."

"मला आहे घाई. खाली पेशंट थांबलेत." ती दोन पायऱ्या उतरली, थांबली आणि मागे वळली. "तू कॅन्टीनमध्ये जाऊन जेवून घे आधी. मी हातातले एक्स-रे संपवून येते तिथे. आणि ऐक— मीही आता तटस्थ नाही."

तो 'म्हणजे काय' हे विचारायला खाली धावला नाही. कठडा धरून तिथेच उभा राहिला, आणि ओठ काही केल्या आवळता येईनात.