कपाटामागचा पुतळा

"अर्धा तास तुमची पाठ मिळेल का?" असं बोलून ती स्वतःच चपापली. फाटलेलं जॅकेट परत करायला आलेला बचाव पथकातला तो उंच जवान दारातच थबकला.

ढिगाऱ्याखाली शिरणाऱ्यांचा आवाज बाहेर पोचावा म्हणून ती जॅकेटच्या कापडात शिवता येईल असा लवचीक अँटेना बनवत होती. माणसाच्या अंगाला टेकला की त्याची फ्रिक्वेन्सी सरकते, म्हणून तपासणीला मिठाच्या पाण्याने भरलेला पुतळा असे. तो नेमका त्याच सकाळी फुटला होता.

"पुतळा होऊ? घरी आई मला तेच म्हणते," तो म्हणाला आणि पाठ करून उभा राहिला.

"श्वास घ्या की!"

"तुमचा हात गार आहे... म्हणून."

बरं झालं, तिची लाली त्याला दिसत नव्हती. पुतळा लगेच दुरुस्त होऊन आला. तिनं तो कपाटामागे ढकलला आणि अजून गळतोय म्हणत त्या जवानालाच बोलावत राहिली.

शेवटच्या चाचणीला मुद्दाम रचलेल्या ढिगाऱ्याखाली पथकातली एक बारकी मुलगी जॅकेट घालून शिरली. रेडिओवर नुसती खरखर! तिच्यानंतर एक जाडजूड गडी गेला, तरी तेच. मग तो उंच जवान गेला आणि आवाज खणखणीत आला.

"किती जणांवर तपासलात?" पथकाच्या प्रमुखबाईंनी विचारलं.

अँटेना त्या एकाच पाठीवर बेतला गेला होता. ढिगारा खरा असता तर त्या मुलीची हाक कुणालाच ऐकू आली नसती.

"एकावरच," ती म्हणाली. "पुतळा बरा झाला होता. मी लपवला."

"तो मी दुसऱ्याच आठवड्यात पाहिला होता," ढिगाऱ्याखालून त्याचा आवाज आला. रेडिओ चालूच होता, सगळं पथक ऐकत होतं. "कपाटामागून पाय दिसत होते. तरी... येत राहिलो."

प्रत्येकाच्या पाठीवर तपासल्याशिवाय एकही जॅकेट शिवायचं नाही, असं बाईंनी बजावलं. मग माईक तिच्यापुढे सरकवून त्या दुसरीकडे बघू लागल्या.

"यापुढे तुमची पाठ नकोय मला," ती कशीबशी म्हणाली.

"बरं..." त्याचा आवाज एकदम पडला.

"बाहेर या. एकदा समोरून बघायचंय."